चढाचं तेल

बाळांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर कृष्णाकाठी चला. सांगलीच्या वरच्या अंगाला एक लहानसा घाट आहे. दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपली आहे, पण पेट्रोल अजून रेशनवरच मिळतंय. नदी गढूळ आहे, दोन्ही काठ भरून वाहते आहे. दिवस कलला आहे. आता कान द्या. टप्, टप्, टप्... मग एक ठसका. मग काहीच नाही.

हा आवाज एकट्या गुणमालेलाच ऐकू यायचा. गेल्या पावसाळ्यापासून, रोज याच वेळी. तेव्हा तिचे जिनदत्तकाका घरच्या लहान मोटारबोटीतून गुळाच्या ढेपा घेऊन सांगलीला गेले होते. परत येताना तेल संपलं. दुसऱ्या दिवशी रिकामी बोट खाली बाभळींत अडकलेली सापडली. काका सापडलेच नाहीत.

"तेलाचा अंदाज चुकला त्याचा," एवढंच तिचे वडील, अप्पा, म्हणायचे.

आज तेच अप्पा, म्हणजे आदगोंडा, मोठी लाँच घेणार होते. लष्करानं मोडीत काढलेली ही लाँच पलटणीतून परतलेल्या आकारामनं विकायला आणली होती. अप्पा वरच्या गावाला तिच्यात बसले, ते थेट आपल्या घाटाला उतरले. उतरल्याउतरल्या त्यांनी टाकीत कळकाची काठी बुडवली आणि ओल कुठवर आली ते पाहिलं.

"बघताय काय आदगोंडाअण्णा? चिमणीवानी पिती ही!" आकाराम म्हणाला.

"एवढं धूड, आन् तेल हललंबी न्हाई!" अप्पा हरखले. "गुणमाले, नारळ आण गं. फोडून सौदा पक्का करू आन् जेवायला बसू. दिवस मावळाय आला."

त्या जैन घरात दिवेलागणीनंतर कुणी घास घेत नसे.

गुणमाला जागची हलली नाही. टप्, टप्, टप्. आज तिनं पहिल्यांदाच नीट ऐकलं. आवाज खालून येत होता, सांगलीकडून, धापा टाकत वर चढत होता. रोज खालूनच यायचा तो. रोज त्या वळणापाशी ठसकायचा. तिला एकदम उमगलं. जाताना किती तेल लागलं ते बघूनच काकांनी येतानाचं तेल भरलं होतं!

"अप्पा, ही वर नेऊन बघा."

"आता कशाला?"

"खाली येताना नदीच ढकलती. काका वर येताना थांबले."

अप्पांनी काठीवरची ओल पुन्हा एकदा पाहिली.

आकाराम हसला. "पोरगी लय मोठी इंजिनेर हाय की! आवं, वर जाऊन येस्तवर अंधार पडंल. लेकराला उपाशी निजवताय व्हय?"

"व्हय गं, तुझं जेवान चुकंल," अप्पा घाईघाईनं म्हणाले. त्यांना त्या वळणाकडे बघवत नव्हतं. "नारळ तर फोडू. वर न्यायचं उद्या बघू."

खालचा आवाज वळणाजवळ आला होता. अजून ठसकला नव्हता.

गुणमालेनं गावातल्या बस्तीच्या, म्हणजे जैन मंदिराच्या, शिखराकडे तोंड करून हात जोडले.

"आज रातचं जेवान मी सोडलं. नियम घेतला," ती मोठ्यानं म्हणाली. देवापुढं घेतलेला नियम त्या घरात कुणी कुणाला मोडायला लावत नसे; तिच्या जेवणाची सबब आता उरली नव्हती. मग तिनं अप्पांच्या हातातली काठी काढून घेतली, लाँचमध्ये चढली आणि टाकीला टेकून, नदीच्या वरच्या अंगाला तोंड करून बसली.