सातपैकी सात

चष्म्यांच्या दुकानावरच्या खोलीत भरणाऱ्या इंग्रजीच्या क्लासात सरांचा एक नियम होता: वाक्य खरं पाहिजे.

परदेशात नोकरीला जाण्याआधी भाषेची परीक्षा द्यावी लागते. त्यासाठी इथे नर्सबाया यायच्या, वेल्डर यायचे, ट्रक चालवणारे यायचे. सर दर आठवड्याला शब्दाचं एक मूळ घ्यायचे आणि त्यावरून फुटलेले सात शब्द फळ्यावर लिहायचे. वहीत प्रत्येक शब्दाखाली चार ओळी. पहिल्या ओळीत अर्थ, दुसरीत शब्दाची फोड, तिसरीत दोन समानार्थी शब्द, चौथीत वाक्य. हे वाक्य स्वतःचं आणि त्याच आठवड्यात घडलेलं हवं.

"गाईडातलं वाक्य उतरवलंत तर शब्द तीन दिवसांत उडून जाईल," सर म्हणायचे. "स्वतःवर बेतलेलं लिहा. ते जन्मात विसरणार नाही."

वह्या तपासायला त्यांनी एक मुलगी ठेवली होती. रसायनशास्त्रात एमएस्सी. प्रयोगशाळेतली नोकरी मिळेपर्यंत म्हणून आली आणि दीड वर्ष झालं तरी इथेच होती. विद्यार्थी तिला मॅडम म्हणत, पाठीमागे लालपेन. सर म्हणत शास्त्रज्ञबाई, आणि त्यात कौतुक किती नि टोमणा किती हे तिला अजून वेगळं काढता आलं नव्हतं.

पहिल्याच महिन्यात तिने तपासण्याची पद्धत बदलून टाकली. चौतीस वह्या, प्रत्येकी सात वाक्यं, म्हणजे दोनशे अडतीस. एकेक वही घेऊन बसलं तर सहा तास जात. तिने सगळ्या वह्या लांब टेबलावर एकाच शब्दाशी उघडून मांडायला सुरुवात केली. आधी चौतीस जणांचा पहिला शब्द, मग सगळ्यांचा दुसरा. एका वेळी एकच गोष्ट बघायची, बाकीचं स्थिर ठेवायचं, हे ती कॉलेजात शिकली होती. तीच तीच चूक ओळीने दिसली की हात भराभर चालतो. सहा तासांचे चार झाले. सरांनी चहा पाजला.

"फक्त एक लक्षात ठेवा," चहा पिताना ते म्हणाले. "भाषा तपासायची. मजकुराला हात लावायचा नाही. लोक खरं लिहितात म्हणजे त्यांनी आपल्याला घरात बोलावलंय असं नाही."

हे तिला पटलं होतं. कोणाचं सासूशी वाजलं, कोणी भावाशी अबोला धरला, सगळं डोळ्यांखालून जायचं आणि ती काळ, वचन, स्पेलिंग बघून पुढे सरकायची.

त्या आठवड्याचं मूळ होतं 'मिट', काही शब्दांत 'मिस', म्हणजे पाठवणे, सोडणे. शनिवारी वह्या वाटून झाल्या, लोक जिना उतरले, तरी एक सिस्टर टेबलापाशी घुटमळत राहिली. चाळिशीला आलेली, मोठ्या हॉस्पिटलातल्या पुरुषांच्या वॉर्डात काम करणारी. एरवी वर्गात सगळ्यांत जास्त आवाज तिचाच. 'पेशंट' या शब्दाचा दुसरा अर्थ सहनशील, असं सरांनी सांगितलं तेव्हा, "सर, आमच्या वॉर्डात येऊन दाखवा एक तरी," असं म्हणून तिने वर्ग हसवला होता. आज तिने वही छातीशी धरली होती.

"मॅडम, माझी वही वाचलीत?"

"वाचली तर. सातपैकी सात. वर्गात तुम्ही एकट्याच."

"सगळी वाचलीत?"

"अहो, सगळी. एका ठिकाणी शब्द जरा बदलायला सांगितलाय, तेवढंच. परीक्षा नऊ दिवसांवर आहे ना? काही काळजी करू नका."

सिस्टर तिच्याकडे बघत राहिली. सलाइनची बाटली किती उरलीय हे दुरून बघावं, तसं. मग वही टेबलावर ठेवून तिने पर्समध्ये काहीतरी शोधलं, बहुधा नुसतंच, आणि "बरं," म्हणून निघून गेली.

वही टेबलावरच राहिली. लालपेनने खिडकीतून हाक मारली, पण खाली रहदारी होती. वही कपाटात ठेवण्याआधी तिने ती सहज उघडली. 'सगळी वाचलीत?' हा प्रश्न नखाच्या कडेला राहिलेल्या कुसळासारखा टोचत होता. ही वही तिच्या डोळ्यांखालून सात वेळा गेली होती, आणि दर दोन वेळांच्या मध्ये तेहेतीस माणसं होती. ती खुर्चीत बसली आणि पहिल्यांदाच फक्त चौथ्या ओळी, वरून खाली, वाचू लागली.

ॲडमिट: सोमवारी एका आजोबांना आमच्या वॉर्डात ॲडमिट केलं. खाट अकरा. छातीत जंतुसंसर्ग.

परमिट: त्यांच्या मुलीला जवळ थांबायला आम्ही परमिट केलं नाही.

कमिट: औषध वेळेवर देईन, घरी जा, असं मी तिला कमिट केलं.

ओमिट: मंगळवारी दुपारी दोनचा त्यांचा डोस मी ओमिट केला.

सबमिट: तरी मी तक्ता पूर्ण भरला आणि सबमिट केला.

ट्रान्समिट: बुधवारी सकाळी मुलीला बातमी मीच ट्रान्समिट केली.

डिसमिस: मला कोणीही डिसमिस केलं नाही.

'ओमिट'च्या वाक्यापुढे तिच्याच अक्षरात, लाल शाईत, 'व्हेरी गुड' लिहिलेलं होतं. 'ट्रान्समिट'भोवती गोल होता आणि समासात सूचना: 'बातमीसाठी हा शब्द फार यांत्रिक वाटतो. साधा शब्द वापरा.'

तिने वही मिटली. पुन्हा उघडली. 'ओमिट'च्या तिसऱ्या ओळीत समानार्थी शब्द दोन मागितले होते, सिस्टरने पाच लिहिले होते. वगळणे, चुकवणे, टाळणे, विसरणे, सोडून देणे. शेवटचे दोन खोडून पुन्हा लिहिलेले. बाई कुठला शब्द आपल्याला लागू पडतो ते शोधत होती, आणि लालपेनने वर लिहिलं होतं: दोन पुरेत.

संध्याकाळी ती मामाकडे गेली. मामाने तीस वर्षं औषधांच्या दुकानात काढली होती. आता तो घरी बसून शेजाऱ्यांच्या गोळ्यांची नावं पाठ म्हणायचा.

"मामा, समज, आठ आठ तासांनी द्यायचं इंजेक्शन आहे. एक डोस राहिला. पुढचा वेळेवर दिला. वय ऐंशीच्या आसपास, न्यूमोनिया. त्या एका डोसाने माणूस जाईल?"

"कोणाचा राहिला डोस?"

"एका वाक्यातला."

"म्हणजे?"

"सांग ना."

मामाने चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "औषध कुठलं?"

"ते लिहिलेलं नाही."

"किडनी कशी होती? आधीचे डोस किती झाले होते? ताप?"

"मामा, मला यातलं काहीच माहीत नाही."

"मग शास्त्र शिकलीस कशाला गं? आकड्याशिवाय उत्तर मागतेयस." तिचा चेहरा बघून त्याने आवाज खाली आणला. "एका डोसाने? बहुतेक नाही. त्या वयात छाती भरली की डोस देऊनसुद्धा जातात माणसं. पण लिहून दे म्हणालीस तर देणार नाही."

'बहुतेक नाही.' घरी जाताना तिने हे दोन शब्द कोणीतरी सांभाळायला दिलेल्या वस्तूसारखे जपून नेले. तिने त्यांची मनात फोड केली, समानार्थी शब्द लावून बघितले. शक्यता कमी. सहसा नाही. नसावं. सगळे थोडे थोडे तोकडे पडत होते. पण काहीच न देण्यापेक्षा बरे, असं तिने ठरवलं.

मंगळवारी सिस्टर आली, तिच्या नेहमीच्या बाकावर बसली आणि तास संपेपर्यंत एकदाही बोलली नाही. सरांनी विचारलंसुद्धा, "काय हो, आज वॉर्डात शांतता?"

"आवाज बसलाय, सर."

तास सुटल्यावर लालपेनने तिला जिन्यात गाठलं. वही पुढे केली. "ही राहिली होती तुमची."

"हो का? आणि मी घरी शोधतेय." सिस्टरने वही घेऊन लगेच पर्समध्ये टाकली.

"सिस्टर, मी वाचली. म्हणजे आता वाचली. त्या दिवशी मी नुसती तपासली होती."

सिस्टरने जिन्याच्या कठड्यावर हात ठेवला. खालून दुकानदाराचा आवाज येत होता, कोणाला तरी अक्षरं वाचायला लावत होता, वरून खाली, बारीक होत जाणारी.

"मी एका जाणकाराला विचारलं," लालपेन घाईने म्हणाली. "नाव कोणाचं घेतलं नाही. ते म्हणाले, एका डोसाने बहुतेक नाही होत तसं."

"बहुतेक."

"हो, म्हणजे..."

"मॅडम, हा शब्द आमच्याकडे रोज लागतो. 'बहुतेक बरं वाटेल.' 'बहुतेक उद्या सोडतील.' नातेवाइकांना द्यायला ठेवलेला आहे तो. आम्ही आपसांत नाही वापरत." तिचा सूर अगदी सौम्य होता, खाटेवरच्या माणसाशी बोलावं तसा. "आजोबांच्या मुलीलासुद्धा मी तोच दिला होता."

"मग तुम्ही लिहिलंत कशासाठी?"

"सर म्हणाले खरं लिहा. घरी मुलांना इंग्रजी कळतं, त्यांच्यासमोर वही उघडता येत नाही. वॉर्डात सांगितलं तर नोकरी जाईल, परदेश तर राहूच दे. म्हटलं, इथे एक माणूस आहे, प्रत्येक ओळ वाचतं, मला ओळखत नाही." ती जरा हसली. "आणि तुम्ही वाचलीतही. व्हेरी गुड म्हणालात."

"सिस्टर, माझं चुकलं. मी एकेक शब्द..."

"नाही हो. तुमचं काय चुकलं? तुम्ही भाषा तपासता." तिने पर्सची चेन लावली. "मला नर्सिंग नका शिकवू, मॅडम. इंग्रजी तेवढं शिकवा. सहा दिवस राहिलेत."

ती उतरून गेली. लालपेन कठड्यापाशी उभी राहिली. खालचा माणूस शेवटच्या ओळीशी अडला होता. "नाही दिसत," तो म्हणत होता. दुकानदार म्हणत होता, "अंदाजाने सांगा."

शुक्रवारी पुढच्या मुळाच्या वह्या आल्या. 'डिक्ट', म्हणजे सांगणे. लालपेनने त्या टेबलावर मांडल्या नाहीत. मांडीवर एकेक घेऊन पहिल्या पानापासून वाचत गेली. वेल्डरच्या बायकोला दिवस गेले होते. ट्रकवाल्याचा भाऊ महिन्याने बोलला होता. सर दोनदा डोकावले. "शास्त्रज्ञबाई, आज गाडी बैलगाडी झालीय का?" तिने पुढची वही मांडीवर ओढली.

सिस्टरची वही तिने शेवटी ठेवली होती. अक्षर नेहमीपेक्षा सुबक होतं. प्रेडिक्ट: हवामान खात्याने उद्या ढग येतील असं प्रेडिक्ट केलं. डिक्टेट: गुरुजी विद्यार्थ्यांना धडा डिक्टेट करतात. कॉन्ट्राडिक्ट: दोन साक्षीदारांनी एकमेकांना कॉन्ट्राडिक्ट केलं. सातही वाक्यं गाईडातली. समानार्थी शब्द दोन-दोनच. कुठे लाल शाई लावायला बोटभर जागा नव्हती.

सरांनी खांद्यावरून वाकून बघितलं. "वा! बघा, ही पास होणार. तुमच्या हाताला यश आहे."

"वाक्यं खरी नाहीत, सर."

"परीक्षेला आठवडाही नाही राहिला. आता खऱ्याखोट्याचं काय एवढं? बिनचूक आहेत ना?"

"बिनचूक आहेत."

"झालं तर मग."

ते गेल्यावर तिने मागची पानं चाळली. 'मिट'चं पान नव्हतं. पट्टी लावून, शिवणीलगत सरळ फाडलेलं. तिने खाली 'सातपैकी सात' लिहिलं, 'व्हेरी गुड' लिहायला पेन टेकवलं आणि उचललं. कागदावर एक लाल ठिपका राहिला.

वही मिटताना मागच्या भागातून एक कोरं पान सुटून जमिनीवर पडलं. शिवलेल्या वहीतलं एक पान फाडलं की त्याच्या जोडीचं पान धरायला काही उरत नाही. तिने ते उचललं, दोन्ही बाजूंनी बघितलं, आणि कुठल्या पानांमधून निसटलं हे कळेना म्हणून, अंदाजाने, मध्येच कुठेतरी सरकवून ठेवलं.