मोगरीच्या नावाचा ठसा

मित्रांनो, मी एक जुने स्टॅम्पपॅड आहे. माझ्या पत्र्याच्या डबीला गंज चढला आहे आणि कापडाला मधोमध भोक पडले आहे. वसईजवळच्या वटार गावातल्या हिलरीभाऊंच्या कपाटात मी तीन वर्षे एका पत्रावर बसून होते. ते पत्र त्यांना आले होते आणि त्यांनी त्याला उत्तर दिले नव्हते. त्यात काय होते ते यथाक्रम सांगते. सांगताना अडखळले तर समजून घ्या. ही काही अभिमानाने सांगावी अशी हकिगत नाही.

माझ्याबरोबर बनलेली भावंडे पोस्टात आणि शाळांत गेली. रबरी शिक्क्यांची संगत मलाही मिळेल असे मला वाटले होते. पण १९७८ साली विमला गद्रे नावाच्या तरुण डॉक्टरबाईंनी मला विकत घेतले. त्या जनावरांच्या डॉक्टर होत्या. त्यांनी मला पहिल्यांदा टेकवले ते एका पारडीच्या नाकाला! ते नाक ओले आणि कोमट होते, आणि पारडी फुरफुरली तेव्हा मी घाबरलेच.

मित्रांनो, तुमच्या बोटांवर जशा रेघा असतात, तशा गुरांच्या नाकावर असतात. त्यांच्या मधे मण्यांसारखे बारीक उंचवटे असतात. एका जनावराची रचना दुसऱ्याशी जुळत नाही. पण ती जन्मभर तशीच राहते का? डॉक्टरबाईंना प्रबंधासाठी हेच तपासायचे होते. त्यांनी वसईच्या गावांतून बारा पारड्या निवडल्या. दर सहा महिन्यांनी त्यांचे ठसे घ्यायचे होते. हिलरीभाऊंची मोगरी त्यांतली एक.

"पण डॉक्टरबाई, याचा उपयोग काय?" हिलरीभाऊंच्या पत्नी मटिल्डाबाईंनी विचारले.

"कानातला बिल्ला काढता येतो, शिंग कापता येतं. नाक कुठे बदलता येतं? परदेशात माणसांच्या बोटांचे ठसे ओळखायला संगणकाला शिकवताहेत. उद्या नाकंही शिकवतील. पण नाक बदलत नाही, हे आधी कुणीतरी दाखवायला नको?"

"आमच्या ह्यांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नाहीत. म्हशीचं नाक कुठलं राहतंय!"

हिलरीभाऊ नुसते हसले. ते केळी-पानवेलींची बाग करीत आणि चर्चच्या वाचनालयाची किल्ली सांभाळीत. चार माणसांत त्यांच्या तोंडून शब्द फुटत नसे. पण अक्षर सुरेख होते. ते पाहून डॉक्टरबाईंनी मला त्यांच्याच हाती दिले आणि तक्त्यावर लिहिले, 'निरीक्षक : हिलरी तुस्कानो'. ती ओळ त्यांनी त्या संध्याकाळी किती वेळा वाचली म्हणून सांगू! शहरातल्या कुणी त्यांच्यावर काही सोपवण्याची ही पहिलीच वेळ होती.

पहिला ठसा डॉक्टरबाईंनी घेतला. दुसरा पुढच्या मे महिन्यात हिलरीभाऊंनी घेतला. मोगरीचे नाक फडक्याने टिपले, मला हलकेच टेकवले आणि वर कागद दाबला. मोगरीच्या नाकाच्या डाव्या बाजूला तीन मणी एकाखाली एक होते आणि त्यांना वळसा घालून एक रेघ वर जात होती. दोन्ही वेळा मला ती तशीच लागली. त्या दिवशी मी फार खुशीत होते.

तक्त्यावर एक रकाना होता, 'घटसर्पाची लस'. पावसाळ्याआधी ती टोचायची असते. पंचायतीच्या आवारात तीन दिवस लस टोचणार होते. गर्दीत उभे राहायचे, नाव पुकारले की पारडी ओढत पुढे व्हायचे, या विचारानेच हिलरीभाऊंना घाम फुटे.

"अहो, जाताय ना?" मटिल्डाबाई विचारीत.

"उद्या जातो." ते पुस्तकातून मान वर न काढता म्हणत.

उद्या जायचेच आहे, म्हणून त्यांनी रकान्यात आधीच 'होय' लिहिले आणि ठशाबरोबर तक्ताही मुंबईला पाठवून दिला. मग तिसराही दिवस गेला.

जुलैत मोगरीचा गळा सुजला. श्वास घरघरू लागला. दुसऱ्या दिवशी ती गेली. हिलरीभाऊंनी तिला बागेच्या कोपऱ्यात पुरले.

डॉक्टरबाईंना खरे कळवायचे तर 'होय' खोटे होते हेही लिहायला हवे होते. तेवढे धैर्य त्यांच्याजवळ नव्हते. नोव्हेंबरात ठशाची तारीख आली, तेव्हा मला खिशात घालून ते शेजारच्या सुभद्राबाईंच्या वाडीत गेले. त्यांची गंगी मोगरीच्याच वयाची होती.

"काय रे हिलरी, माझ्या गंगीचा फोटो काढतोस का?" सुभद्राबाईंनी लांबूनच विचारले.

"नाही, जरा हात बसायला..."

"बसू दे, बसू दे. पण नाकाला काळं फासून पाठवू नकोस. पुसून दे."

मित्रांनो, मला डोळे नाहीत, पण टेकताक्षणी मला कळले. हे नाक मोगरीचे नव्हते. याच्या मधोमध एक सरळ खोल रेघ होती आणि मणी चांगले टपोरे होते. तरी मी मुकाट्याने शाई दिली. मी कोरडे पडू शकले असते, पण पडले नाही. हिलरीभाऊंनी कागदाखाली 'मोगरी' असे लिहिले. त्यांच्या सुरेख अक्षरात तो शब्द फार खरा वाटत होता. असे तीन ठसे आम्ही दोघांनी पाठवले.

मग १९८१च्या जानेवारीत ते पत्र आले.

'हिलरीभाऊ, मोगरीचे शेवटचे तीन ठसे एकमेकांशी जुळतात, पण पहिल्या दोहोंशी जुळत नाहीत. बाकी अकरा पारड्यांचे नाक बदललेले नाही. मोगरीचे खरेच बदलले असेल, तर मला सगळाच विचार पुन्हा करावा लागेल. ती मोगरीच आहे ना? एका ओळीत कळवा. दोन महिने वाट पाहीन. उत्तर आले नाही, तर तुमचे ठसे खरे मानून तसे लिहीन. तुमच्या कामावर माझा विश्वास आहे.'

शेवटच्या वाक्यापाशी हिलरीभाऊंनी डोळे मिटले. त्यांनी उत्तर लिहायला घेतले, फाडले, पुन्हा घेतले. दोन महिने संपले. मग त्यांनी ते पत्र कपाटाच्या तळाशी ठेवले आणि वर मला ठेवले. माझी शाई वाळत गेली. सुकलेली शाई कुणी पाहत नाही, याचे मला तेव्हा बरेच वाटले.

१९८४च्या फेब्रुवारीत गंगी चोरीला गेली. आता ती भरपूर दूध देणारी म्हैस झाली होती. आठवड्याने ती उमेळ्याजवळच्या एका तबेल्यात सापडली. तिच्या कानातला बिल्ला नव्हता. तबेलेवाल्याने बाजारातल्या खरेदीची पावती दाखवली. पशुधन अधिकारी श्रीपतराव चौकशीला आले, तेव्हा सुभद्राबाई हिलरीभाऊंना बरोबर घेऊन गेल्या.

"गंगे!" त्यांनी हाक मारली. म्हैस दावे ताणून पुढे आली.

"बाई, चारा देणारं कुणीही हाक मारली तरी म्हैस येते," श्रीपतराव म्हणाले. "दुसरा काही पुरावा?"

"ह्याने घेतलेत ना तिच्या नाकाचे ठसे. हा हिलरी! सांग रे!"

श्रीपतरावांनी मान हलवली. "नाकाचा ठसा आता मानत नाहीत. वयाबरोबर बदलू शकतो, असं एका प्रबंधात आलंय. तुमच्याच वटारचं उदाहरण आहे त्यात, मोगरी नावाच्या म्हशीचं."

हिलरीभाऊंनी गोठ्याचा खांब धरला. परत येताना वाटेतच ते थांबले.

"सुभद्राबाय, मोगरी तेव्हा मेली होती. ते ठसे गंगीचे होते. मी खोटं नाव घातलं."

"मोगरी मेली हे अख्ख्या वटारला माहीत आहे," सुभद्राबाई म्हणाल्या. "तुझ्या डॉक्टरणीला तेवढं माहीत नव्हतं होय?" मग त्यांचा आवाज चढला. "माझी गंगी तिथे परक्या दाव्याला आणि तू माझ्यासमोर खाली मान घालून काय उभा राहतोस? मान घालायची तर कागदावर घाल!"

दुसऱ्या दिवशी हिलरीभाऊंनी मला कपाटातून काढले. भोक चुकवून शाई घातली. तबेल्यात श्रीपतरावांना त्यांनी सगळे सांगितले, घसा खाकरत, पण सगळे.

श्रीपतरावांनी चौकशीचा कागद पुढे ओढला. "ठसा घ्या माझ्यासमोर. जुने कागद त्या बाईंकडेच आहेत. त्यांनी तपासून लिहून दिलं, तर म्हैस सुभद्राबाईंची. तोवर ती इथून हलणार नाही."

मला गंगीच्या नाकाला टेकवले. मधोमध तीच सरळ खोल रेघ होती आणि मणीही तेच टपोरे. इतक्या वर्षांत त्यांतले काहीही बदलले नव्हते. डॉक्टरबाईंचेच म्हणणे खरे होते, आणि ते खोटे पाडायला शाई मी पुरवली होती.

मित्रांनो, तुमच्यावर कुणी काही सोपवले, मग ते मुके जनावर असो की एका ओळीचे उत्तर, तर त्याला उद्यावर टाकू नका. चुकलात तर चुकलो म्हणून लगेच कळवा. मी चुकीला साथ दिली. तुमच्या हातातल्या वस्तूंना तशी वेळ आणू नका, एवढेच माझे मागणे आहे.

हिलरीभाऊ तिथून थेट पोस्टात गेले. बाकावर बसून त्यांनी लिहिले : 'ती मोगरी नव्हती. मोगरी जुलै १९७९मध्ये घटसर्पाने गेली. लस मी टोचून घेतली नव्हती, 'होय' खोटे लिहिले. पुढचे तिन्ही ठसे शेजारच्या गंगीचे. आजचा सोबत आहे, तो ताडून पाहा. तुमचे काही चुकले नव्हते. चूक माझी आहे आणि हे तुम्ही कुठेही छापू शकता.' खाली पूर्ण नाव घातले.

"डॉक्टरबाई याच पत्त्यावर असतील ना?" त्यांनी खिडकीतल्या कारकुनाला विचारले.

"ते मला कसं ठाऊक? नसतील तर पुढे पाठवतील. रजिस्टर करायचंय?"

"हो. थैली कधी निघते?"

"चारला. का, परत हवं झालं तर?"

हिलरीभाऊ खिडकीपासून बाजूला झाले. ते मला खिशात धरून तिथेच उभे राहिले. चार वाजता थैलीचे तोंड बांधले, लाखेचा ठिपका पडला आणि शिपाई ती सायकलला अडकवून निघाला. सायकल वळणाआड जाईपर्यंत हिलरीभाऊ जागचे हलले नाहीत.