मास्तरांच्या वाटणीच्या गोळ्या

ही गोष्ट मास्तर स्वतःच सांगतात. गिऱ्हाइकाचं माप घेता घेता सांगतात, आणि ऐकणारा हसायला लागला की वर दटावतात, "हलू नका हो, छातीचं माप चुकतं." मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिंपी. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत संसार. संसारात बायको, चार वर्षांची मुलगी आणि जिकडे पाहावं तिकडे दोरे. मुलीचं कागदोपत्री नाव चांगलं झोकदार आहे, पण घरात आणि गल्लीत ती बटण.

मास्तरांना आपल्या नजरेचा भारी अभिमान होता. लांबून दोरा पाहून तो सुती की रेशमी, किती पदरी, हे ते सांगत आणि सांगून झाल्यावर समोरच्याचा चेहरा बघत. त्यामुळे बटणच्या चड्डीत बायकोला पांढरं, बारीक काहीतरी दिसलं आणि तिने ती चड्डी उजेडात आणून धरली, तेव्हा मास्तरांनी चष्मासुद्धा चढवला नाही.

"दोरा आहे. साधा सुती. शिंप्याच्या घरात दोरा नाही सापडणार तर काय मोती सापडणार?"

"अहो, पण हा हलतोय."

"पंख्याने हलत असेल."

पंखा बंद होता. बायकोने पंख्याकडे पाहिलं, मग मास्तरांकडे पाहिलं, आणि बटणला काखोटीला मारून ती दवाखान्यात निघाली. मास्तर मागून गेले, कारण आपली नजर चुकली हे परस्पर ठरायला नको.

डॉक्टरीणबाईंनी दोनच प्रश्न विचारले. पोरीला खाज कुठे सुटते आणि कधी? बायको म्हणाली, शीच्या जागी, आणि झोपायला टाकली की जास्तच.

"सुतकृमी आहेत. जंतांचाच एक प्रकार," बाई म्हणाल्या. "लहान मुलांना सर्रास होतात, घाबरू नका. खाजवताना त्यांची अंडी नखांत अडकतात, बोट तोंडात गेलं की पुन्हा पोटात. म्हणून एकट्या मुलीला औषध देऊन भागत नाही. घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी गोळी घ्यायची, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा. नखं कापा, सकाळी उठल्या उठल्या अंघोळ, चादरी गरम पाण्यातून काढा."

"गोड खाल्ल्यानेच होतात ना हे?" मास्तरांनी विचारलं.

"नाही हो, गोडाचा काही संबंध नाही."

हे उत्तर मास्तरांना पसंत पडलं नाही, म्हणून त्यांनी ते ऐकलंच नाही.

घरी आल्यावर बायकोने बटणला औषध पाजलं, स्वतः गोळी चावून खाल्ली आणि दुसरी गोळी मास्तरांच्या हातावर ठेवली. मास्तर पडद्याला अस्तर लावत होते. मला? जंत? या वयात? मी काय मातीत खेळतो? हे सगळं मनात. तोंडाने म्हणाले, "एवढी शिवण संपवतो आणि घेतो." बायकोची पाठ वळल्यावर गोळी शेजारच्या बटणांच्या डब्यात टाकली आणि तिने विचारल्यावर "घेतली" म्हणाले. पंधरा दिवसांनी पुढची गोळीही तिथेच गेली. आता इथे मास्तर आवाज खाली आणतात आणि गिऱ्हाइकाला सांगतात की त्यांना स्वतःलाही दोन महिने बसल्या जागी चैन पडत नव्हतं. त्याचं खापर त्यांनी शिलाईयंत्राच्या स्टुलावर फोडलं होतं. त्या स्टुलाला त्यांनी दोनदा नवी गादी शिवली, दुसऱ्या वेळी तर मखमलीची.

तीन आठवड्यांनी बटण पुन्हा खाजवायला लागली.

मास्तरांनी विचार केला. विचार करताना त्यांचा अंगठा तोंडात असे, नखाची कड कुरतडत. घरात सगळ्यांनी औषध घेतलं, मग हे येतं कुठून? बाहेरून. पोरगी बाहेर जाते कुठे? ताईकडे.

ताई म्हणजे मास्तरांची मोठी बहीण. दोन गल्ल्या सोडून राहते. नवरा गेल्यावर तिने घरातच पाळणाघर काढलं. नऊ मुलं होती. बटण तिला आत्या म्हणते म्हणून बाकीची आठही आत्याच म्हणत. नळाजवळ नऊ खुंट्यांना नऊ टॉवेल, प्रत्येकावर वेगळं चित्र, कुणाचं बदक, कुणाची छत्री. ती चित्रं मास्तरांनीच शिवून दिली होती. त्या नऊ मुलांवर ताईचं घर चालत होतं आणि ताईही.

मास्तरांनी काही भांडण केलं नाही. भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त मापं घेता घेता बोलायला सुरुवात केली. खांद्याचं माप घेताना माणसाचा कान अगदी जवळ असतो. ओठांत चार टाचण्या धरून मास्तर म्हणायचे, "कुणाचं नाव घ्यायचं नाही मला, बहीणच आहे शेवटी. पण एकेका पोराला दिवसातून कितीदा गोळ्या-चॉकलेटं... आमच्या बटणला बघा ना, दोनदा जंतांचं औषध झालं." आणि मग असा एक उसासा, की ऐकणाऱ्याला वाटावं, केवढा हा सोशिक भाऊ.

महिन्याभरात नऊची चार मुलं राहिली.

ताई एका दुपारी दुकानात आली. बसली नाही. म्हणाली, "अरे, लोक काहीबाही कारणं सांगून मुलं काढतायत. तू काही बोललास का कुणाला?"

"मी कशाला बोलू?" मास्तर कापडावरून मान वर न करता म्हणाले. "लोकांना डोळे आहेत, ताई."

उंबऱ्याशी बटण होती, ताईने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि ती गेली. दुसऱ्या दिवसापासून मास्तरांनी बटणलाही पाठवणं बंद केलं. चाराची तीन झाली.

बटण दिवसभर कापायच्या टेबलाखाली बसू लागली. पहिले दोन दिवस "आत्याकडे जायचं" म्हणून रडली, तिसऱ्या दिवशी रडायचीही थांबली. मास्तरांना ते बघवेना, पण माघार कशी घ्यायची? म्हणून त्यांनी तिला खेळायला बटणांचा डबा दिला. त्यांच्या आयुष्यातलं ते सगळ्यात हुशारीचं काम.

पोरगी रांगा लावत बसली. दोन भोकांची एकीकडे, चार भोकांची एकीकडे. मग टेबलाखालून एक हात वर आला.

"बाबा, ह्या बटणांना भोकंच नाहीत."

तळहातावर दोन गोळ्या होत्या, धुळीने मळलेल्या. नशीब, पोरीने तोंडात टाकल्या नव्हत्या. मास्तर झेपावले, पण दारात उभी असलेली बायको त्यांच्या आधी पोचली. तिने गोळ्या घेतल्या, उलटसुलट करून पाहिल्या.

"तुम्ही घेतली म्हणाला होता."

"घेतली होती की. गिळली नव्हती."

असलं उत्तर आपण दिलं, हे मास्तरांना अजून खरं वाटत नाही. बायको ओरडली नाही. तिने दुकानाचं दार अर्धं ओढलं आणि म्हणाली, "चपला घाला."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मास्तरांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. मास्तर खुर्चीच्या कडेला टेकले होते, एका बाजूने.

"खाज?"

"स्टूल जरा..." मास्तर म्हणाले. बायको मोठ्याने खाकरली. "हो. आहे."

"दोरा कशाने तोडता?"

"दाताने."

"सुईत ओवताना?"

"जिभेवर ओला करून."

"आणि हे?" बाईंनी त्यांच्या अंगठ्याकडे बोट दाखवलं. नख पार मुळापर्यंत खाल्लेलं होतं. मास्तरांनी अंगठा मुठीत लपवला. सगळा धंदा तोंडातून चालणारा माणूस, आणि वर त्याच हाताने पोरीला घास भरवणारा. बाईंनी नवीन गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाल्या, "पहिली आत्ता. माझ्यासमोर." मास्तरांनी लहान मुलासारखी गोळी चावली, तोंड उघडून दाखवलंसुद्धा. तसं कुणी सांगितलं नव्हतं.

तिथून ते थेट ताईकडे गेले. वाटेत त्यांनी चार वाक्यं जुळवली होती. ताई नळाशी टॉवेल धूत होती, खुंट्यांवर सहा टॉवेल कोरडे लटकत होते. बदक, छत्री, बटणचं जहाज. मास्तरांना चारांतलं एकही वाक्य आठवेना. "ताई, माझ्यामुळे झालं गं सगळं," एवढंच म्हणाले आणि भोकाड पसरून रडले. उरलेली तीन मुलं खेळ सोडून बघत राहिली.

ताईने हात पुसले. "माझ्यापाशी रडून काय होणार? ज्याला ज्याला सांगितलंस, त्याला त्याला जाऊन सांग."

"सगळ्यांना?"

"टाचण्या तोंडातून काढून सांग."

मास्तरांनी मापांची वही काढली. तारखेवरून कोण कधी आलं ते कळत होतं. अकरा जण निघाले. पहिल्या दिवशी ते बेकरीवाल्याकडे गेले, तिथे घाम फुटला आणि पाव घेऊन परत आले. दुसऱ्या खेपेला सांगितलं. बेकरीवाला पोट धरून हसला. तिसऱ्याला सांगताना मखमलीच्या गादीचा किस्सा घातला, पाचव्याला पंख्याचा. सातव्यापर्यंत गोष्ट अशी रंगू लागली की लोक शेजाऱ्याला हाक मारून म्हणायचे, "मास्तर, यांनाही सांगा ना." हसून हसून झालं की बायका म्हणायच्या, "अरेरे, त्या ताईंना उगीचच..." आणि एकेक टॉवेल खुंटीवरून खाली येऊ लागला.

अकराव्या होत्या पोस्टातल्या बाई. त्यांच्या मुलाचा टॉवेल छत्रीचा, आणि सगळ्यांच्या आधी मुलगा त्यांनीच काढला होता. मास्तर पोस्टात रांगेत उभे राहिले. काचेच्या भोकाशी तोंड नेऊन हळू आवाजात सांगू लागले.

"मोठ्याने बोला, ऐकू येत नाही," बाई म्हणाल्या.

"जंत मला झाले होते!" मास्तर ओरडले. "ताईकडे काही नव्हतं! मला होते!"

मागे रांग होती पंधरा माणसांची. सगळ्यात आधी एक म्हातारा हसला आणि मग अख्खं पोस्ट. पोस्टातल्या बाई तेवढ्या हसल्या नाहीत. शिक्का हातात तसाच धरून त्या मास्तरांकडे बघत राहिल्या.

मास्तर गोष्ट इथे संपवतात. टेप गळ्यात टाकतात आणि म्हणतात, "झालं माप." पुढचं ते कुणाला सांगत नाहीत.

त्याच संध्याकाळी बाई दुकानात आल्या. हातात एक कोट होता, घड्या नको तशा घातलेला.

"मास्तर, तुमच्यापासून सुरू नाही झालं," त्या म्हणाल्या. "आमच्या मुलाला आधी झालं होतं. तुमच्या बटणच्या तीन आठवडे आधी. मी ताईंना सांगितलंच नाही. वाटलं, कळलं तर घेणार नाहीत त्याला, मग मी कामावर कशी जाणार? तुम्ही बोलायला लागलात तेव्हा मी घाबरले आणि आपणहून काढला त्याला. आता शेजारीण सांभाळते. रोज रडतो."

मास्तरांनी दोन महिने ज्याची वाट पाहिली ते आयतं समोर उभं होतं. मी नव्हे! मी नव्हतोच! आत्ता दार उघडून गल्लीत ओरडलं असतं, तर उद्यापासून कुणी हसलं नसतं. जीभ अगदी दातांपर्यंत आली. हो, आली, मास्तर काही संत नव्हेत.

बाईंनी पदर डोळ्यांना लावला होता.

"तुमच्या घरात सगळ्यांनी गोळ्या घेतल्या का?" मास्तरांनी विचारलं.

"मी घेतली. मुलाला दिली. हे म्हणाले, मला काय होतंय."

"त्यांना माझ्याकडे पाठवा. माप घ्यायचंय म्हणून सांगा." मास्तरांनी कोट हातात घेतला. "बाह्या आखूड करायच्या ना? परवा न्या. आणि मुलाला उद्या ताईकडे सोडा. ती काही विचारणार नाही, तिला माहीत आहे कुणामुळे झालं ते."

दुसऱ्या दिवशी मास्तर बटणला सोडायला गेले, तेव्हा नळाशी नऊच्या नऊ टॉवेल नुकतेच धुतलेले, ओले लटकत होते. दारात पोस्टातल्या बाई मुलाच्या बुटाची नाडी सोडत होत्या. ताईने मास्तरांना पाहिलं, आणि तिची जीभ काही इतक्यात गोड होणार नव्हती.

"आले बघा शिंपी महाराज. अख्ख्या गल्लीचं पोट बिघडवलं या एका माणसाने."

नाडीवरचा हात थांबला.

"हो गं ताई," मास्तर म्हणाले. "सगळं माझ्यामुळेच."

मग ते मुलांच्या रांगेत हात धुवायला उभे राहिले.