न वाजलेली तबकडी

मित्रांनो, मी एक जुनी तबकडी आहे आणि आधीच सांगून ठेवते, मी वैतागलेली आहे. फिरणे हा माझा जन्माचा धर्म. पण आयुष्यभर मी सोडून बाकी सगळे फिरले, आणि शेवटी माझे डोकेही फिरले.

माझे अंग लाखेचे आहे. तुमच्याकडे जिच्या बांगड्या करतात तीच ही लाख. ती बोटीने इकडे अमेरिकेत आली, तिच्यात दगडाची पूड आणि काजळी मिसळली, आणि साच्यात दाबून मला व माझ्या बहिणींना काढले. पोटातले गाणे मात्र अस्सल अलाबामाचे. ते पॉपलर स्प्रिंग्ज चौकडीचे आहे. चौकडी म्हटले की तुम्हाला चांडाळ चौकडी आठवेल, पण हे चौघे बिचारे साधे होते. आठवडाभर मोज्यांच्या गिरणीत खपायचे आणि रविवारी एकसारखे टाय बांधून चर्चमध्ये देवाची गाणी म्हणायचे. सगळ्यांत खालचा सूर डॉयलचा. तो लागला की ऐकणाऱ्यांना आधी बाकाची फळी थरथरलेली कळायची आणि मग आवाज.

गाणे भरले ते गावच्या रेडिओ केंद्रात. पुढे कोणा पाद्रीबुवांचे प्रवचन होते, म्हणून एकदाच गायचे होते, चुकले तरी तसेच. काचेपलीकडे डॉयलची बायको ऑपल उभी होती, पोट पुढे आलेले, दिवस भरत आलेले. तिसऱ्या कडव्यात डॉयलने एकट्याने खालच्या सुरात उतरायचे होते. तो जरा लवकरच उतरला. काचेमागून ऑपलने त्याच्याकडे बोट उगारले, जसे मास्तरीणबाई उगारतात, आणि डॉयल गाता गाता हसला. अगदी थोडा, नाकातल्या नाकात. मग सावरून त्याने ओळ पुरी केली. ते हसू माझ्या अंगावर कोरले गेले, आणि तेव्हापासून ते माझ्याकडे आहे. थोड्याच महिन्यांत डॉयल कोरियाच्या लढाईवर गेला. तो परत आला नाही.

आम्हा बहिणींना चौकडीतल्या उरलेल्या तिघांनी मोटारीच्या मागच्या डिकीतून विकले. मला घेतले युला नावाच्या एका बाईने. तिच्याकडे तबकडी वाजवायची पेटी, म्हणजे ग्रामोफोनच नव्हता. गाणाऱ्या पोरांना चार पैसे मिळावेत म्हणून तिने मला घेतले, चादरींच्या घडीखाली ठेवले आणि विसरून गेली. तिच्यावर माझा राग नाही. माझा राग हॉयटवर आहे.

हॉयट म्हणजे जुन्या तबकड्यांचा संग्राहक. युलाबाई गेल्यावर तिच्या घरातले सामान विकायला काढले, तेव्हा त्याने मला उचलले, उन्हाकडे तिरके धरले आणि लगेच खिशातून पैसे काढले. माझ्या अंगावर सुईचा एकही ओरखडा नव्हता. मला वाटले, सुटले एकदाची. कसले काय! त्याने मला कागदात घातले, कागद प्लास्टिकमध्ये, प्लास्टिक पुठ्ठ्यात, आणि वर चिठ्ठी लावली, 'न वाजवलेली'. मग त्याचे मित्र यायचे. पांढरे हातमोजे घालून मला बाहेर काढायचे आणि वाद घालायचे. माझ्या मधोमध चिकटवलेल्या नावाच्या कागदाचा निळा रंग गडद की फिका? वरच्या सुरात गाणारा त्या साली थोरला भाऊ होता की धाकटा? अरे बाबांनो, वाजवा आणि ऐका की! पण नाही. सगळे वरात बघायला आलेले, नवरी कोणालाच नको.

हॉयटकडे माझी एक बहीणही होती, रोज वाजवायला म्हणून. प्लास्टिकच्या नव्या तबकड्या तो स्पिरिटने पुसतो. एक दिवस त्याने तिलाही पुसले. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, हे माहीत असूनही हाताच्या सवयीने पुसले. क्षणात तिच्या रेघा एकमेकींत गेल्या आणि अंगावर डांबर ओतल्यासारखे झाले. तो दोन दिवस नीट जेवला नाही. मग त्याने मला आणखी एका प्लास्टिकमध्ये घातले.

मे महिन्यात पॉपलर स्प्रिंग्जच्या चर्चमध्ये दिवसभराचे गाणे असते. दुपारी झाडांखाली लांब टेबले मांडतात आणि घराघरातून तळलेली कोंबडी, मक्याची भाकरी, केळ्याचे पुडिंग येते. त्या वर्षी हॉयटने तिथेच आपल्या तबकड्या मांडल्या होत्या. साध्या तबकड्या तो पेटीवर वाजवून दाखवत होता. मी मधोमध उभी, देव्हाऱ्यातल्या देवासारखी. नैवेद्य मला, जेवण दुसऱ्यांना.

तेवढ्यात चाळिशीची एक बाई उशीच्या अभ्र्यात काहीतरी गुंडाळून घेऊन आली. ती व्हर्नेल, डॉयलची मुलगी. अभ्र्यात माझीच एक बहीण होती.

"ब्रदर हॉयट," चर्चमधल्या रीतीप्रमाणे ती म्हणाली, "ही जरा लावता का? आमच्या पेटीवर नुसती खरखर येते. तुमची पेटी चांगली आहे म्हणतात."

हॉयटने लावली. गाणे बरे चालले होते. तिसऱ्या कडव्याशी आले आणि नुसते पीठ चाळल्याचा आवाज. मग पुन्हा गाणे. हॉयटने तबकडी उचलून उन्हात धरली. एवढीच जागा घासून पांढरी पडली होती.

"हे काय केलंत? इथेच कशी झिजली?"

"आई तेवढंच लावायची. सुई उचलायची आणि परत तिथेच ठेवायची. माझं सगळं लहानपण."

"आणि सुई कधी बदलली?"

"सुई बदलायची असते?"

हॉयटने कपाळावर हात मारला. व्हर्नेल मात्र जागची हलली नाही.

"आई म्हणायची, इथे तुझा बाप हसतो. आपल्याला बघून हसतो, मला आणि तुला. मला कळायला लागलं तोवर इथे नुसती खरखर होती. मावश्या म्हणतात, ऑपलला भास व्हायचा, देवाचं गाणं म्हणताना कोण हसतं. आई मार्चमध्ये गेली. मला एकदा ऐकायचं आहे, एवढंच."

"मावश्या बरोबर बोलतात," हॉयट म्हणाला. "या तबकडीचं मला सगळं माहीत आहे. कुठे भरली, कधी भरली, किती काढल्या. हसण्याबिसण्याचं कुठेही नाही."

माझ्या अंगाची आग झाली. माझ्याच पोटातले मलाच खोटे ठरवतो हा!

हॉयटची बायको मोझेल शेजारच्या टेबलावर पुडिंग वाढत होती. तिने डाव खाली ठेवला.

"हॉयट, तू ही ऐकली आहेस?"

"मोझेल, तुला माहीत आहे ही न वाजवलेली..."

"मी विचारलं, ऐकली आहेस का?"

"दुसरी होती ती ऐकायचो."

"ती लावून तू तिसऱ्या कडव्याला नेहमी कॉफी आणायला उठायचास. मी होते घरात. आणि मग तर तिला तू आंघोळच घातलीस. सगळं माहीत आहे म्हणे. नवरीचं वजन माहीत, तोंड नाही बघितलं."

आजूबाजूचे लोक हसले. हॉयट नाही हसला. त्याने व्हर्नेलकडे पाहिले, मग माझ्याकडे. मग एक एक करून माझी वस्त्रे उतरवली: वरचे प्लास्टिक, पुठ्ठा, आतले प्लास्टिक, कागद. मग त्याने नवी सुई लावली. मित्रांनो, खरे सांगते, मी घाबरले होते. इतकी वर्षे बंद राहिल्यावर आवाज फुटेल की नाही, कोणास ठाऊक.

फुटला. चौघे जण टेबलांमधून, कोंबडीच्या वासातून, स्वच्छ गाऊ लागले. तिसऱ्या कडव्याला डॉयल लवकर उतरला, आणि हसला.

हॉयटने सुई उचलली, न विचारता पुन्हा तिथेच ठेवली. डॉयल पुन्हा हसला. व्हर्नेलने तोंडावर हात धरला आणि ती रडू लागली, आणि रडता रडता म्हणाली, "आई, तुला उगीच वेडी म्हटलं गं सगळ्यांनी. मीसुद्धा म्हटलं."

संध्याकाळी सामान आवरताना हॉयटने मला त्या उशीच्या अभ्र्यात घातले आणि व्हर्नेलच्या हातात दिले. वर सुयांची डबी दिली आणि दम भरला, "दर वेळी नवी सुई. कळलं? नवी." तिची झिजलेली तबकडी त्याने स्वतःकडे ठेवून घेतली. 'न वाजवलेली' ही चिठ्ठी त्याने काढून टाकली, तेव्हा मोझेलने त्याच्यापुढे पुडिंगची वाटी ठेवली, हे तिचे मोठेपण.

आता मी व्हर्नेलच्या घरी आहे. रविवारी ती मला लावते, आणि तिसऱ्या कडव्याशी आले की उठून सुई मागे नेते. आईचीच लेक ती. त्या जागी मी जराशी पांढरी पडू लागले आहे. मित्रांनो, तुमच्या घरीही कपाटात कोणी न वाजलेले पडले असेल. त्याला बाहेर काढा, त्याचे ऐका आणि त्याला जरा झिजू द्या. फक्त कृपा करून स्पिरिटने पुसू नका.