एका फ्लॅटचे दोन इलायस

अपील जिंकलं तर आलोशियस तुस्कानोच्या पदरात काय पडणार होतं, ते आधी मांडून घेऊ. पुढची खोली, तिची गल्लीवरची बाल्कनी, अख्खं स्वयंपाकघर, आणि शुक्रवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात ‘आमची रूम’ न म्हणता ‘आमचा फ्लॅट’ म्हणायची सोय. पहिल्या तीन गोष्टींवाचून त्याचं इतकी वर्षं काही अडलं नव्हतं. चौथीवाचून मात्र जेवण गोड लागेना.

हरलो तर काय, हे त्याने मांडलंच नाही. ते बायकोने, फ्लोरीने मांडलं होतं. कंपनीने फॅमिली व्हिसा दिला होता तो घराच्या पत्त्यावर. पत्ता गेला की फ्लोरी आणि लहानगी जोसेफीन मुंबईच्या विमानात.

“अवो, डोक्यावर छप्पर हाय ते सांभाळा,” ती म्हणायची.

“तुला कायद्यातलं काय कळतं?” आलोशियस म्हणायचा. कळत त्यालाही नव्हतं. पण तो शिपिंग ऑफिसात क्लार्क होता आणि टाय लावायचा.

फ्लॅट बहारीनला, मनामाच्या बाजारामागे, दुसऱ्या मजल्यावर. मालकाशी करार झाला होता इलायस डिमेलोच्या नावाने. हा इलायस पंचाहत्तर साली वसईला कायमचा परत गेला आणि जाताना मागची खोली आलोशियसला, पुढची महादेव शिगवणला देऊन गेला. आपल्या लोकांत हे असंच चालायचं. माणूस गावी जाई, नाव दारावर राही. नवा करार करायला गेलं की भाडं चढे, म्हणून कोणी जात नसे. दर महिन्याला मालक, नजर अधू झालेला एक म्हातारा, दार वाजवी आणि “इलायस?” अशी हाक मारी. घरात जो असेल तो “येस, बाबा” म्हणून पुढे होई. बाबा खूश, इलायसही खूश.

महादेव संगमेश्वरकडचा, एसी दुरुस्त करणारा. बायको रखमा गावी. दोघांच्या घरात सुके बोंबील सारख्याच प्रेमाने भाजले जात, तेव्हा वासावरून भांडायची सोय नव्हती. भांडण झालं ते चुलीच्या पाळीवरून. महादेव ड्यूटीवरून येऊन भाकऱ्या थापायला बसे, नेमकी तेव्हाच आलोशियसला चहाची तल्लफ येई. एक दिवस आलोशियसने स्वयंपाकघराला कुलूप घातलं. महादेवने कुलपाला हातही लावला नाही. त्याने बिजागऱ्यांचे स्क्रू काढले, दार उचलून भिंतीला टेकवलं आणि भाकऱ्या केल्या.

प्रकरण पोलिसांत गेलं, तिथून कोर्टात. खालच्या जज्जांनी एवढंच विचारलं, कुलूप कोणी घातलं आणि दार कोणी काढलं. निकाल दिला: दार बसवा, कुलूप नको, ज्याची खोली त्याला, स्वयंपाकघर दोघांचं. महादेवने त्याच दिवशी दार बसवलं, वर बिजागऱ्यांना तेलही दिलं.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण चर्चच्या आवारात ओळखीच्या ऑगस्टीनने विचारलं, “म्हणजे कोर्टाच्या हिशेबी तू आणि तो मेकॅनिक सारखेच रे?”

झालं. आलोशियस दुसऱ्याच दिवशी गनीकडे. गनी हैदराबादचा, कोर्टासमोर टाइपरायटर मांडून अरबीत अर्ज करून द्यायचा आणि आत दुभाष्याचं कामही करायचा.

“अपील करायचंय. पूरा फ्लॅट मेरा.”

गनीने चष्मा वर केला. “साब, नीचे वाला कोर्ट दरवाजा देखा, छोड दिया. ऊपर वाला पूरा मामला फिर से खोलता है. जड से पूछेगा.”

“खोलने दो! खाली एक जज होता. वर तीन बसतात. तीन डोकी म्हणजे तिप्पट न्याय.”

“तीन सिर, छह आँख भी होते हैं, साब,” गनी म्हणाला आणि कागद चढवला. त्याने बजावायचं ते बजावलं होतं. फी बजावण्याची नव्हती, टायपिंगची होती.

महादेवला नोटीस मिळाली तेव्हा त्याने आलोशियसला जिन्यातच गाठलं. “तुस्कानोशेट, मिटलंय ना? कशाला उकरताव? खलास करा.”

“घाबरलास काय?”

“व्हय, घाबरलंय. तुम्ही पन घाबरा.”

तारखेला आलोशियस नवा टाय लावून हजर. तीन जज्ज. मधले वयस्कर, आवाज इतका मऊ की धसका बसावा. त्यांनी पहिलाच प्रश्न केला आणि गनीने तो हिंदीत पुढे सरकवला, “पूछ रहे हैं, किराएदार कौन?”

आलोशियसने छाती पुढे काढली, ‘मी’ म्हणायला तोंड उघडलं आणि त्याला करारावरचं नाव आठवलं. शेवटी म्हणाला, “इलायस.”

“इलायस किधर?”

“वसईमें.”

“कब से?”

“पंचाहत्तर.”

जज्जांनी मालकाला बोलावलं. म्हातारा काठी टेकत आला.

“तुमचा भाडेकरू इलायस यांतला कोण?”

म्हाताऱ्याने आधी आलोशियसकडे बोट केलं. मग महादेव दिसला, तेव्हा त्याच्याकडे. मग दोघांना एकत्र पाहून बोट हवेतच राहिलं.

“हे मला आजच कळतंय,” तो म्हणाला आणि गनीने एकेक शब्द हिंदीत उतरवला. “मला वाटायचं, इलायस कधी जाडा होतो, कधी बारीक. परदेशात राहतो, बिचाऱ्याचं खाण्यापिण्याचं वेळापत्रक नाही.”

डावीकडचे जज्ज खोकल्यासारखं करून हसले. मधले हसले नाहीत.

निकाल त्याच आठवड्यात आला. जे घर दोघांपैकी कोणाचंच नाही, ते दोघांत वाटून देणारा खालचा हुकूम रद्द. घर महिनाभरात मालकाच्या ताब्यात. अपील करणाऱ्याने अख्ख्या फ्लॅटचा फैसला मागितला होता. अख्ख्या फ्लॅटचाच मिळाला.

बाहेर आलोशियस गनीला म्हणाला, “याच्यावर अजून वरचं कोर्ट?”

“है, साब. लेकिन उधर बोलोगे क्या?”

आता कोणाला काय मिळालं आणि कोणी काय भरलं ते पाहू. गनीला फी रोख मिळाली. म्हाताऱ्याला फ्लॅट मिळाला. तो त्याने दुप्पट भाड्याने एका बँकवाल्याला दिला आणि या वेळी चेहरा नीट पाहून ठेवला. इलायस वसईत केळीला पाणी घालत होता; त्याला यातलं काही कळलंही नाही. महादेव कंपनीच्या कॅम्पात गेला. तिथे दहा जणांची एक खोली, मेसचा भात. त्याची भाकरी सुटली. आलोशियस एका बेडस्पेसमध्ये, म्हणजे परक्या खोलीतल्या भाड्याच्या खाटेवर, राहतो आणि शुक्रवारी सांगतो, “मी अपील कोर्टापर्यंत गेलो.” लोक ऐकतात, ऑगस्टीन सगळ्यांत पुढे.

फ्लोरी जोसेफीनला घेऊन महिनाअखेरीच्या विमानाने गेली. सासरच्या घरात आधीच तीन जावा, एक चूल; तिला पाळी मिळाली ती सगळ्यांची उरकल्यावरची. मुलगी इंग्रजीत विचारते, डॅडी कधी येणार. अपिलावर फ्लोरीची सही कुठे नव्हती. भरलं तिने.