इंदूरला गेलेली भूमिका

जैनाबादच्या देवराम पाटलांची भूमिका इंदूरला शिकते, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. फक्त भूमिकाने इंदूर पाहिलं नव्हतं.

झालं असं, की बारावीचा निकाल लागताच देवरामने चौकात फ्लेक्स चढवला. 'इंदूरच्या विद्यापीठात इंजिनिअरिंगला निवड झाल्याबद्दल कु. भूमिकाचे हार्दिक अभिनंदन!' खाली शुभेच्छुकांचे फोटो एवढे मोठे, की निवड त्यांचीच झाली असं वाटावं.

चार दिवसांनी भूमिका म्हणाली, "बाबा, तिथं मिळतेय ती ब्रांच मला नकोच. मी बुऱ्हाणपुरातच पॉलिटेक्निकला डिप्लोमा करते. मार्क चांगले पडले की डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला हवी ती ब्रांच मिळू शकते. शेवटी डिग्री तीच ना!"

"आणि फ्लेक्सचं काय?" देवरामने विचारलं.

फ्लेक्सपुढे भल्याभल्यांचं चालत नाही. मुलगी पॉलिटेक्निकला गेली आणि फ्लेक्स चौकातच राहिला. रोज सकाळी भूमिका तोंडाला ओढणी गुंडाळून स्वतःच्याच अभिनंदनाखालून तापीच्या पुलाकडे जायची. घरी पाहुणे आले की ती 'इंदूरला' जायची, म्हणजे मागच्या, केळी पिकवायच्या खोलीत. पाहुणे फार बसले की इंदूरहून यायला उशीर व्हायचा.

एका रविवारी देडतलाईहून तिचा मामा, गजानन, आला. भूमिका लगबगीने इंदूरला गेली.

"दाजी, तुम्ही डोळे उघडले माझे!" बशीत चहा ओतता ओतता गजानन म्हणाला. "आमची चारू पण पॉलिटेक्निक पॉलिटेक्निक करून बसलीये. मी साफ सांगितलं, भूमिकाताई गेली तिथंच तू जाशील. दोन दिवस झाले, रडतेय, जेवत नाही. रडू दे! उद्या तिला घेऊन इंदूरला निघतो."

देवरामने कप खाली ठेवला.

"थांबा, भूमिकालाच विचारतो," म्हणत गजाननने व्हिडिओ कॉल लावला. मागच्या खोलीत फोन वाजला. देवराम जोरात खोकू लागला. भूमिकाने फोन उचलेपर्यंत खोकला.

"काय गं बेटा, इंदूरला एवढी केळी?"

"मेस आहे मामा," भूमिका शांतपणे म्हणाली. तिच्या डोक्यावर घड लटकत होता. "इकडे फळं फार देतात."

"वा! बरं, खरं सांग, चारूला तिकडेच टाकू ना?"

 स्वतःपुरतं खोटं भूमिकाने महिनोन्‌महिने निभावलं होतं, पण चारूच्या वाट्याचं तिच्या तोंडून निघेना. पडद्यावर तिने हळूच ओढणीने डोळे पुसले.

देवरामची मान खाली गेली. पोरगी कोणाची लाज झाकत होती? तिची तर नव्हतीच!

दारात उभी असलेली भूमिकाची आई, कोकिळाबाई, म्हणाली, "अहो, लॅबमधलं केळीचं रोप आणलं की तुम्ही लगेच शेतात लावता का? आधी नर्सरीत, पिशवीत तगडं होऊ देता. ते पिशवीत आहे म्हणून कधी लाजलात? रोपाला जेवढा वेळ देता, तेवढा पोरीला द्यायला लाज वाटते तुम्हाला?"

देवराम उठला. त्याने मागच्या खोलीचं दार सताड उघडलं.

"भूमिका, बाहेर ये बेटा. इंदूर संपलं!"

गजानन एकदा फोनकडे बघे, एकदा दाराकडे. "अरे! एवढ्या लवकर पोचली पण?"

"ती गेलीच नव्हती, गजानन. ती पॉलिटेक्निकला शिकते आणि छान शिकते. खोटारडा मी. पोरीला कोंडलं ते फ्लेक्ससाठी! चारूच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या खोट्याचं आहे रे. तिला आत्ता फोन लाव. मी बोलतो."

पलीकडचे हुंदके ऐकत त्याने चारूला सगळं खरं सांगितलं. मग भूमिकाकडे वळला, पण तिच्या डोळ्याला डोळा त्याला भिडवता येईना. "चल बाबा," तीच म्हणाली, "फ्लेक्स उतरवू. ओढणीत फार उकडतं."

तो फ्लेक्स आता देवरामच्या रोपांवर सावलीला बांधलाय. शुभेच्छुक पहिल्यांदाच कोणाच्या तरी उपयोगी पडताहेत.

मंडळी, डिग्रीला जायच्या वाटा अनेक आहेत. कोणी सरळ जातं, कोणी डिप्लोमाच्या पायरीवरून. पायरीवर उभ्या असलेल्या लेकराची लाज बाळगू नका. लाज वाटायचीच असेल, तर आपल्या मोठेपणासाठी त्याला अंधाऱ्या खोलीत बसवण्याची वाटू द्या!