ओंडक्याखालचं बाळंतपण

वीस वर्षं तो ओकचा ओंडका घराकडे चढणाऱ्या वाटेत आडवा कुजत पडला होता. ओडेल धडधाकट होता तेव्हा एका ढांगेत ओलांडायचा. मग कोळशाच्या खाणीतल्या धुळीनं त्याची छाती भरली. ओंडक्यापायी गाडी खालच्या रस्त्यावरच थांबायची आणि ऑक्सिजनचा सिलिंडर आठवड्यातून दोनदा त्याच्या बायकोच्या, व्हर्लीच्या पाठीवरून वर यायचा.

ऑगस्टअखेर तिचा भाऊ ब्यूएल ट्रॅक्टर घेऊन आला. साखळी घालायला त्यानं पहारीनं ओंडका जरासा उचलला. खाली ओलसर भुग्यात एक काळी, पांढऱ्या ठिपक्यांची झऱ्याची पाल, म्हणजे बेडकाच्या जातकुळीतली सॅलमँडर, अंड्यांच्या घोसाभोवती वेटोळं घालून बसली होती.

"गळाला आमिष म्हणून झकास आहे," म्हणत ब्यूएलनं हात पुढे केला.

"तंबाखूचे हात लावू नकोस तिला." ओडेल काठी टेकत, चारदा थांबत खाली आला होता. "तिला फुप्फुसं नसतात. कातडीनं श्वास घेते ती."

"म्हणजे दाजी, तुमच्यापेक्षा बरं चाललंय तिचं."

ओडेल हसला, हसता हसता खोकल्यानं वाकला. खोकला ओसरल्यावर म्हणाला, "ऑक्टोबरात पिल्लं निघतील. तोवर ती हलायची नाही. ओंडका ओढला तर अंडी वाळतील. थांबू या."

"थांबणार तू, चढणार मी," व्हर्ली म्हणाली. "माझ्या पाठीला विचारलंस?"



"ताई, साखळी घालू का नको, तेवढं सांग. हात भरून आले माझे."

व्हर्ली गुडघ्यावर हात ठेवून वाकली. पालीची कूस आत गेली होती, शेपटी सुतळीसारखी झाली होती. खाणंपिणं सोडून ती आपल्या अंगाची ओल अंड्यांना देत होती. घास आणून देणारं कुणी नाही, जरा ऊठ म्हणणारं कुणी नाही.

"हिला निदान चढण तरी नाही," व्हर्ली पुटपुटली. मग म्हणाली, "पहार काढ. हळू. होता तसाच बसव."

ओडेलकडे न बघता तिनं सांगितलं, "ऑक्टोबरपर्यंत. तोवर शेंगा तू सोलायच्या, भांडी तू घासायची. बसून घास, पण घास."

"घासतो."

सोमवारी ती पुन्हा सिलिंडर घेऊन चढली. एरवी ओंडक्यावरच टेकायची. आज तो जपून ओलांडला आणि पलीकडच्या गार दगडावर बसली. वरून भांड्यांचा आवाज येत होता. एक भांडं, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरं.